नायकाच्या ओसरीतला दवाखाना

आमच्या घरात दवाखाना होता असं सांगितलं की लोकांना वाटतं, वडील डॉक्टर असतील. माझे वडील, बापू, चौथीपर्यंत शिकलेले, कापूस पेरणारे आणि घाटंजी तालुक्यातल्या आमच्या बंजारा तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख. दवाखाना म्हणजे सरकारी उपकेंद्र. त्याला इमारत नव्हती, म्हणून बापूंनी ओसरीला लागून असलेली कापूस भरायची खोली देऊन टाकली. त्या वर्षी कापूस आम्ही झोपायच्या खोलीत भरला आणि घरातली सगळी माणसं अंग खाजवत हिंडली. याडीनं, म्हणजे आईनं, त्यांना बरंच ऐकवलं. बापू मात्र ओसरीतल्या बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ती खोली दाखवत होते, नवी बैलजोडी दाखवावी तशी.

त्या खोलीचा जेवढा फायदा मला झाला तेवढा तांड्यात कुणालाच झाला नाही. उपकेंद्राच्या सिस्टर आल्या की त्यांना पाणी द्यायचं, चहा द्यायचा, टेबलावर उडून आलेला कापूस पुसायचा, हे माझं काम. एकदा कप घेता घेता त्यांनी माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि याडीला हाक मारली. या पोरीच्या अंगात रक्तच नाही, म्हणाल्या. मग रक्तवाढीच्या गोळ्या सुरू झाल्या. मी त्या कोंबड्यांपुढे टाकते हे लक्षात आल्यावर त्या माझ्या समोर बसून राहायला लागल्या, गोळी घशाखाली जाईपर्यंत. वर्गात डुलक्या घेणारी मी हळूहळू पुढच्या बाकावर जाऊन बसले. पुढे स्थळं यायला लागली, तेव्हा बारावीच्या आधी हिचं लग्न केलंत तर या घरचा चहा मला बंद, असं त्यांनी बापूंना स्वच्छ सांगितलं. नायकाच्या घरून कुणी बिनचहाचं जावं ही कल्पनाच बापूंना सहन झाली नाही. माझं शिक्षण असं एका कप चहावर तरलं. आज मी यवतमाळला नर्सिंगच्या मुलींना शिकवते.

माझ्याच वयाची एक मैत्रीण होती, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहणारी. तिच्या अंगात माझ्याहून कमी रक्त असावं. विहिरीवरून पाण्याचा गुंड उचलून निघाली की अर्ध्या वाटेत खाली बसायची. चल ना, सिस्टर चांगल्या आहेत, असं मी तिला किती वेळा म्हटलं. ती यायची नाही आणि मला ती हट्टी वाटायची. आमच्याकडे नायकाच्या ओसरीसमोरून जाताना बाया पदर पुढे ओढतात. सुना आणि लग्नाला आलेल्या पोरी तर समोरून जातच नाहीत, गोठ्याकडून फिरून येतात. आणि मागून आलं की आमच्या स्वयंपाकघरातून जावं लागतं. तिथे याडी चुलीपुढे बसलेली, काय झालं, कुठं दुखते, कवापासून, हे विचारायला तयार. पुढून बापू, मागून याडी आणि मध्ये दवाखाना. मला त्या घरात कुठूनही कुठेही जाता येत होतं, म्हणून मला हे कधी दिसलंच नाही. मैत्रिणीचं लग्न दहावीच्या आधीच झालं. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी लागते, तिला कोयताच म्हणतात. पोरीचं लग्न झालं की एक कोयता तयार. ती दर दिवाळीनंतर ट्रकमध्ये बसून उसाच्या मुलखात जायला लागली आणि मी एसटीत बसून यवतमाळला.

बापूंबद्दल कुणाचा गैरसमज होऊ नये. त्यांनी कधी कुणाला दवाखान्यात यायला अडवलं नाही, उलट ओढून आणायचे. पण खोली आणि ओसरी यांच्यामध्ये नुसती पत्र्याची आडभिंत होती. बापूंना सगळं ऐकू यायचं आणि ऐकलेलं ते पोटात ठेवत नसत, कारण ते ठेवायचं असतं हेच त्यांना माहीत नव्हतं. तांडा म्हणजे त्यांचं घर. घरच्या माणसाची तब्येत विचारायची नाही तर कुणाची विचारायची, असा त्यांचा सरळ हिशोब. त्यामुळे ओसरीसमोरून जाणाऱ्या प्रत्येकाला, खोकला कमी झाला काय, गोळ्या पुरल्या काय, असं ते बंगईवरून विचारायचे. आणि बापूंचा आवाज हा शेताच्या एका धुऱ्यावरून दुसऱ्या धुऱ्यावर पोचायला घडवलेला आवाज आहे. त्यांना हळू बोलताना मी अजून ऐकलेलं नाही.

एकदा तांड्यातल्या एका पोराचा साखरपुडा होता. त्याला टीबी झाला होता, तो पूर्ण औषध घेऊन ठणठणीत बरा झाला होता. पाहुण्यांसमोर पोराची तारीफ करायची नायकाची रीतच असते. बापूंनी ती केली. पोरगा मोठा शिस्तीचा, म्हणाले, टीबीच्या गोळ्या माझ्या डोळ्यासमोर घेतल्या, एकही चुकवली नाही. पाहुण्यांनी चहा संपवला आणि बैल सोडायची वेळ झाली म्हणून निघून गेले, ते गेलेच. बापूंना बरेच दिवस कळलं नाही की पाहुण्यांना राग कशाचा आला. त्यानंतर तांड्यातली तरणी पोरं आमच्या ओसरीला वळसा घालून जायला लागली. मी तेव्हा नोकरीला लागले होते. घरी आले की हा किस्सा मैत्रिणींना रंगवून सांगायची आणि आम्ही पोट धरून हसायचो.

आता ज्या मुलीबद्दल लिहायचं आहे ती त्याच मैत्रिणीची मुलगी. आईबाप उसाला गेले की ती आजीजवळ तांड्यात राहायची आणि घाटंजीला अकरावीत शिकायला जायची. तिला नर्स व्हायचं होतं. मला मावशी म्हणायची. सुट्टीत मी घरी आले की माझी जुनी पुस्तकं मागायला यायची, तीही गोठ्याकडून. त्या वर्षी तिला फिट यायला लागल्या. पहिली शेतात आली, आजीसमोर. आजी शहाणी, तिनं आरडाओरडा केला नाही, गुपचूप तिला घेऊन यवतमाळला माझ्याकडे आली. मी तिला मोठ्या दवाखान्यात दाखवलं. गोळ्या रोज घेतल्या, खंड पडू दिला नाही, तर ही मुलगी शिकेल, नोकरी करेल, लग्न करेल, सगळं करेल, असं डॉक्टर म्हणाले. महिन्याच्या महिन्याला गोळ्या आमच्या घरातल्या उपकेंद्रातून मिळणार होत्या. आजीनं मात्र परत जाताना मला बाजूला घेऊन बजावलं की हे तांड्यात कळलं तर पोरीचा बाप तिला एक दिवस घरात ठेवणार नाही, कुणाच्याही गळ्यात बांधून मोकळा होईल. म्हणजे गोळी रोज पोटात जायला हवी आणि ती कुणाला दिसायला नको. त्या मुलीचं सगळं पुढचं आयुष्य एवढ्यावर उभं होतं.

एक-दोनदा तिनं गोळ्या नेल्या. मग एकदा ती खोलीतून बाहेर पडत असताना बापूंनी बंगईवरून विचारलं, मोठ्या मायेनं, की आता चक्कर येत नाही ना पोरी. ओसरीत कापसाचा व्यापारी बसला होता, शेजारचे दोघं बसले होते. ती मान खाली घालून निघून गेली आणि पुन्हा आली नाही. मला हे तिनंच सांगितलं, घाटंजीच्या स्टँडवर. बाजाराचा दिवस होता, गर्दीत कुणाचं लक्ष नव्हतं. मावशी, गोळ्या तुम्हीच आणून देत जा ना, म्हणाली. मी हो म्हटलं. त्यानंतर मी दर महिन्याला स्टँडवर उतरायची, रसवंतीच्या मागे ती उभी असायची, मी तिला पुस्तकात घालून गोळ्या द्यायची. खरं सांगायचं तर मला त्यात आनंद व्हायचा. माझ्या मैत्रिणीसाठी मी काही करू शकले नव्हते, ते तिच्या मुलीसाठी करते आहे असं वाटायचं, आणि परतीच्या एसटीत मी स्वतःवर खूश असायची.

होळीला मी तांड्यावर आले तेव्हा उपकेंद्राच्या इमारतीचा विषय निघाला होता. मंजुरी आली होती, जागा कुणीतरी द्यायची होती. बापूंनी आमच्या घराला लागून असलेला तुकडा द्यायचं ठरवलं होतं. दवाखाना आपल्या सावलीतून जाऊ नये ही त्यांची इच्छा. नवी सिस्टर तरुण होती. तिनं मला गाठून सांगितलं की इमारत इथेच झाली तर आणखी वीस वर्षं पोरी येणार नाहीत, शाळेजवळ झाली तर शाळेला चालल्यासारख्या येतील. शाळेजवळही आमचं शेत होतंच. सगळ्यांना हे पटलं होतं, सरपंचालासुद्धा. नायकाला सांगायचं कुणी, एवढाच प्रश्न होता. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या, कारण ज्या पोरीला त्या खोलीनं शिकवलं तिनं ती खोली घरातून काढा म्हटलं, तरच ते नायकाला ऐकू जाणार होतं.

दुपारी बापू बंगईवर एकटेच होते. मी त्यांच्याजवळ बसले. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो, इथे मी ते गावच्या मराठीत लिहिते आहे. आधी मी गोल गोल बोलले. पोरींना लाज वाटते, पोरांना संकोच होतो, माणसाचं दुखणं चारचौघांत आलं की नको होतं, असं बरंच काही. हे सगळं मी वर्गात शिकवते, त्यामुळे तोंडपाठ होतं. बापू ऐकत राहिले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"मी कोणाचं वाईट केलं काय बाई?" ते म्हणाले. "मायेनंच इचारतो ना मी."

मी म्हटलं, माहीत आहे.

"मंग कोण येत नाई, नाव सांग."

नायकासमोर बिननावाची तक्रार चालत नाही. लोक म्हणतात, पोरी म्हणतात, असं कुणी बोलू लागला तर बापू त्याला उठवून लावतात. ज्याचं दुखतं त्याचं नाव घे, मग बोल. तांड्याचे सगळे न्याय त्यांनी याच पद्धतीनं केले आणि ते बहुतेक बरे केले. मी लहानपणापासून ते पाहिलेलं. नाव सांगितल्याशिवाय बापू बधणार नाहीत हे मला कळत होतं, आणि नाव सांगितलं तर ते लगेच ऐकतील हेही कळत होतं. मग मी मैत्रिणीच्या मुलीचं नाव घेतलं. फिट, गोळ्या, व्यापाऱ्यासमोर विचारलेला प्रश्न, सगळं सांगितलं. हे तुमच्यातच ठेवा, असं शेवटी जोडलंही.

बापूंनी पाय जमिनीला टेकवले. बंगई थांबली. मग ते म्हणाले की शाळेजवळचं शेत लिहून देतो, सरपंचाला बोलाव. मला वाटलं होतं भांडण होईल, चार दिवस जातील. एवढ्या लवकर काम झालं म्हणून मी हुरळून गेले. संध्याकाळी मी पुरणपोळी पोटभर खाल्ली. सिस्टरला फोन करून सांगितलं. ती खोली सुटली, आता पोरी सुटल्या, असं मी तिला म्हटल्याचं मला आठवतं.

सकाळी उठले तर बापू पागडी बांधत होते. पागडी ते लग्नात बांधतात किंवा पंचायतीत. कुठे निघालात, मी विचारलं. ते चपला घालून बाहेर पडले. आमच्यात नायक सहसा कुणाच्या दारात जात नाही, लोक त्याच्याकडे येतात. तो गेला तर मयताला जातो. किंवा न्याय करताना त्याच्याकडून चूक झाली असेल, तर ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या दारात जाऊन ती कबूल करतो, चार माणसांच्या साक्षीनं, कारण साक्षीशिवाय कबुली खरी धरत नाहीत. मला हे माहीत होतं. मला हे सगळं माहीत होतं, तरी रात्रभर मी छान झोपले होते.

मी मागे धावले. तोवर ते त्या घरापाशी पोचले होते आणि पागडी पाहून तांडा गोळा झाला होता. मुलगी पाण्याची कॅन घेऊन दारात उभी होती, आजी तिच्या मागे. बापूंनी हात जोडले.

"पोरी, तुह्या फिटच्या गोळ्याचं मी चारचौघांत बोललो. माह्यं चुकलं. मले माफ कर."

त्यांच्या नेहमीच्या आवाजात. वरच्या टोकाच्या घरातल्या म्हाताऱ्यांनाही ऐकू गेलं असेल. बापूंच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढ्या मोठ्या माणसानं एका पोरीसमोर हात जोडले म्हणून बायांच्याही डोळ्यांत पाणी आलं. मुलीनं बापूंकडे पाहिलंच नाही. ती गर्दीत मला शोधत होती, आणि मी सापडल्यावर तिनं कॅन खाली ठेवली.

पुढचं सगळं आजीनं सांगितलं होतं तसंच झालं. आईबाप उसावरून परतले तेव्हा त्यांना तांड्यात शिरायच्या आधीच कळलं होतं. मैत्रीण माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, तू चांगल्यासाठीच केलं असशील. त्या वाक्यानं मला जेवढं लागलं तेवढं शिव्यांनी लागलं नसतं. बापानं कॉलेज बंद केलं. एका विधुराचं स्थळ आलं, ते कसंबसं टळलं, आणि मग ठरलं की या दिवाळीनंतर पोरीला इथे ठेवायचं नाही, सोबत उसाला न्यायचं. तिची बारावी राहूनच गेली.

आणि दवाखाना चांगला चालतो आहे. हे लिहायलाच हवं, कारण तेही खरं आहे. इमारत व्हायला वेळ लागेल, पण पावसाळ्याआधीच उपकेंद्र शाळेजवळच्या एका खोलीत गेलं. सिस्टर मला फोटो पाठवते. बाकावर पोरी बसलेल्या असतात, पोरंसुद्धा येतात, दप्तर पाठीला लावून, कुणी विचारलं तर शाळेत चाललो म्हणायला मोकळी. एका पोरीचं लग्न सिस्टरनं तिथे बसून थांबवलं. लोक मला म्हणतात, तुझ्यामुळे झालं. मी हसते. त्या बाकावरच्या प्रत्येक पोरीचं भलं झालं की मला बरं वाटतं, आणि बरं वाटल्याची लाज वाटते, कारण ते सगळं एका पोरीचं नाव देऊन मिळवलेलं आहे. मी माझ्या विद्यार्थिनींना पहिल्याच दिवशी शिकवते की पेशंटचं दुखणं तिच्या परवानगीशिवाय कुणाला सांगायचं नसतं, आईलाही नाही. यंदा तो तास मी दुसऱ्या बाईंना घ्यायला लावला.

बापूंना मी काही बोलू शकले नाही. त्यांनी जे केलं ते त्यांच्या परीनं सगळ्यात मोठं होतं. आपल्या माफीनंच पोरीचं नुकसान झालं, हे त्यांना पुढे कुणीतरी सांगितलं असावं. आता ते बंगईवर बसतात, माणसं समोरून जातात आणि ते कुणालाच काही विचारत नाहीत. परवा शेजारचा म्हातारा पाय ओढत गेला तरी गप्प राहिले. ती पोर आणि बापू, मी एका तोंडानं दोन माणसं मुकी केली.

दिवाळीनंतर ट्रक निघाला त्या दिवशी मी रजा काढून तांड्यावर गेले. गाठोडी, भांडी, कोयते, म्हाताऱ्या माणसांनी बांधून दिलेल्या भाकरी, सगळं भरून झालं होतं. मुलगी गाठोड्यांवर आईशेजारी बसली होती. मी चिवड्याच्या डब्यात खाली गोळ्या ठेवून आणल्या होत्या, बऱ्याच पुरतील एवढ्या. डबा तिच्याकडे दिला. तिनं तो हातानं तोलून पाहिला. आत काय आहे ते तिला लगेच कळलं. ती वाकून, फक्त मला ऐकू येईल इतकं हळू बोलली.

"मावशी, मी तुम्हाले सांगतलं होतं. नायकाले नाई."

डबा तिनं परत दिला नाही, मांडीवरही ठेवला नाही, बाजूला गाठोड्यांच्या फटीत सरकवून दिला. फिट आली तर ती कुठे येईल हे माझ्या डोळ्यांसमोर होतं: उसाच्या फडात, हातात कोयता असताना, किंवा पाचट पेटवलेल्या शेताच्या कडेला. गोळ्या घेतेस का, मध्ये खंड तर पडला नाही ना, घेशील ना, एवढं मला तिला विचारायचं होतं. नर्स म्हणून तो पहिला प्रश्न आहे. ट्रकमध्ये माणसं खचाखच बसली होती आणि सगळी आमच्याकडेच बघत होती. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

ट्रक गेला. मी फोन करते, तो वाजत राहतो. ती गोळ्या घेते की नाही, मला माहीत नाही.